वेचणीत सांगितलेली कादंबरी

दिवाळी आटोपली की आमच्या कॉलेजातल्या मुली दिसेनाशा होतात. कुणी रजेचा अर्ज देत नाही आणि कुणी मागतही नाही. वर्गातले अर्धे बाक रिकामे झाले की समजायचं, कापसाची वेचणी लागली. आठ-दहा दिवसांनी एकेक परतते, तेव्हा तिची बोटं पाहावीत. फुटलेल्या बोंडाची टोकं वाळली की सुईसारखी होतात आणि नखाच्या कडेला घुसतात. तिथे बारीक काळ्या रेघा उमटतात, त्या साबणाने जात नाहीत. मी यवतमाळला एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. पुस्तक देताघेताना माझी नजर आधी बोटांवर जाते, मग पुस्तकावर.

परवा आर्णीकडची एक मुलगी आली. बोटं तशीच. काउंटरला टेकून हळूच म्हणाली, "मॅडम, तसलं पुस्तक द्या ना."

"कसलं?"

"ज्यात घरातलाच माणूस खोटा निघते, तसलं."

असली पुस्तकं कोणत्या कपाटात आहेत ते मला डोळे मिटूनही सांगता येईल. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांची पहिली तीस पानं मळतात, पुढची कोरी राहतात. ही पुस्तकं मात्र शेवटच्या पानापर्यंत सारखी मळलेली असतात. मी तिला एक काढून दिलं. तिने उभ्या उभ्याच पहिलं पान उघडलं आणि वाचत वाचत निघाली ती सरळ दाराच्या कडीवर आदळली. कपाळ चोळत हसली, पण पान सोडलं नाही. मीही हसले. नंतर मात्र दिवसभर मला बरं वाटलं नाही.

मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. घराण्यातलीच काय, आमच्या वस्तीतली पहिली. हे मी कुठेही सांगते, सांगताना मान खाली घालत नाही. आर्णीपासून आत आमचं गाव. गावाच्या टोकाला विहार, विहाराच्या मागे आमची तीसेक घरं. बारावी झाल्यापासून त्या तीसही घरांचे कागद माझ्याकडे येऊ लागले. बँकेचं पत्र, पंचायतीची नोटीस, दवाखान्याचा इंग्रजीतला रिपोर्ट, सुनेच्या माहेरून आलेली वकिलाची चिठ्ठी. माझ्याआधी हे कागद गावातल्या एका दुकानदाराच्या ओट्यावर जायचे. तो चष्मा लावून मोठ्याने वाचायचा. वाईट माणूस नव्हता, त्याला मनात वाचताच यायचं नाही. पण सकाळी कागद त्याच्या ओट्यावर गेला की दुपारी तो हापशीवर पोचलेला असायचा. म्हणून मी बारावी झाले तेव्हा माझे बाबा चार लोकांत म्हणाले होते, "आता आपला कागद दुसऱ्याच्या ओट्यावर वाचला जाणार नाही." आयुष्यात मला मिळालेली सगळ्यात मोठी पदवी तीच. बी.ए. नंतर झालं.

कागद घेऊन येण्याची एक रीत पडली होती. बाई यायची, आधी मायशी बोलायची, पाणी प्यायची. घरातलं बाकी कोणी बाहेर गेलं की पदराआडची पिशवी काढायची. मी मनात वाचायचे आणि मग हळू आवाजात सांगायचे. कागद पुन्हा जुन्या घडीवरच मोडायचा, म्हणजे घरच्यांना कळू नये की तो उघडला गेला. कोणाला सांगू नको, असं मला कोणी कधी बजावलं नाही. ते बजावायची गोष्ट नाही, असं त्यांना वाटायचं.

बी.ए.चा निकाल लागला त्या वर्षीची वेचणी मला आठवते. नोकरी नव्हती, म्हणून मी मायसोबत जाऊ लागले. सकाळी दव असायचं. पऱ्हाटीतून, म्हणजे कापसाच्या झाडांतून, चालताना कमरेपर्यंत लुगडी, सलवारी भिजायच्या आणि दहा वाजेस्तोवर अंगावरच सुकायच्या. कापसाच्या काही ओळी गेल्या की एक ओळ तुरीची. तूर फुलावर आलेली, पिवळी, आणि तिच्यात मधमाश्यांचा आवाज. कमरेला बांधलेली ओटी कापसाने भरली की पुढून पोटुशी बाई चालल्यासारखं दिसायचं. बाया एकमेकींना चिडवायच्या, "कितवा महिना व?" पण सुमनवहिनी जवळ असली की हा विनोद कोणी करायचं नाही. इतकी जाण त्या टोळीत होती. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात जाण नसलेली एकटी मीच निघाले.

सुमनवहिनी म्हणजे रमेशभाऊची बायको. आमच्या घरापासून चौथं घर. रमेशभाऊ गाव ते आर्णी काळीपिवळी जीप चालवायचा. लग्नाला सात वर्षं झाली होती, मूल नव्हतं. वहिनी माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी, पण मी तिला अगंतुगं करायचे. टोळीत सगळ्यात स्वच्छ कापूस तिचा असायचा, पाचोळ्याचा एक तुकडा सापडायचा नाही.

आणि त्या वर्षी माझ्याजवळ एक कादंबरी होती. आर्णीच्या वाचनालयातून आणलेली, भाषांतरित, मुखपृष्ठ फाटलेली. एका मोठ्या शहरातल्या बंगल्यात नवराबायको राहतात. सगळं छान आहे. एके दिवशी शर्ट धुताना बायकोला नवऱ्याच्या खिशात बसचं तिकीट सापडतं, त्याच्या ऑफिसच्या उलट दिशेचं. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा तसंच तिकीट. ती विचारते, तर तो प्रेमाने म्हणतो, अगं, हे तिकीट तर तूच दाखवलं होतंस परवा, विसरलीस का? आणि हळूहळू तिला स्वतःच्याच डोक्याचा भरवसा वाटेनासा होतो. ना खून, ना पोलीस. एकाच भांड्यातलं दोघं जेवतात आणि दोघांच्याही पोटात काहीतरी झाकलेलं. मी चुलीपाशी बसून, मायच्या हाका ऐकू न ऐकू करत ती वाचायचे. आमचं घर दीड खोलीचं. आमच्यासारख्या घरात काही झाकून ठेवायला जागाच नसते, असं तेव्हा मला वाटायचं. म्हणून ते बारा खोल्यांचं घर मला फार आवडलं होतं.

टोळीत पुढारी होती गीतामामी. तिची जीभ विळ्यासारखी. पहिल्या दिवशी तिनेच विचारलं, "काय वाचत राह्यते व सकाळपासून? परीक्षा त झाली तुही."

"कादंबरी हाय, मामी. रहस्याची."

"मंग सांग ना. हात गुतले हायेत, कान त रिकामेच हायेत."

मी सांगू लागले. मी मधल्या ओळीत, दोन्हीकडे बाया. बायांची रांग सरळ चालायला पाहिजे, पण दोन दिवसांत ती वाकडी झाली. कडेच्या बाया भराभर वेचून मधे सरकायच्या, मधल्या रेंगाळायच्या. मधे तुरीची ओळ आली की पलीकडून आवाज यायचा, "थांब व बी.ए., तुरीतून ऐकू नाई येत." मला सगळ्या बी.ए. म्हणायच्या. चिडवायला म्हणायच्या आणि कौतुकानेही म्हणायच्या, आणि मला दोन्ही गोड लागायचं.

पुस्तकातल्या बाईचा बंगला त्यांनी दोन दिवसांत आपल्या गावात आणून बसवला.

"बारा खोल्या? झाडते कोण?"

"मोलकरीण हाय."

"मंग तिले विचार म्हणा. झाडणारीले सारं माहीत असते."

दुसरी म्हणायची, "तिकीट सापडलं त हातात धरून सरळ विचारून घ्या ना. इतकं कायले कुढत बसा लागते?"

"सरळ विचारलं त पुस्तक तिथंच सरते ना, काकू."

गीतामामीचा संशय मात्र पहिल्यापासून पक्का होता. "नवरा नाई व तो. सासू हाय त्याच्यामागं. दाखवली का सासू पुस्तकात?"

"सासू मेलेली हाय, मामी."

"मंग मेल्याचं सोंग असन."

सगळी टोळी हसायची. वहिनीही हसायची, पण ती कधी तर्क लढवायची नाही. ती रोज एकच विचारायची, तेही दुपारी तुरीच्या सावलीत भाकर सोडताना, हळूच. "तिले माहीत हाय, हे तिनं त्याले कळू देलं का?"

"नाही अजून."

"हं," म्हणायची आणि ठेच्याची वाटी पुढे सरकवायची.

ती हे का विचारते ते त्या शेतात फक्त मला माहीत होतं.

तीन वर्षांआधी मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. पोळ्याच्या सुट्टीत घरी आले होते. वहिनी आली, मायशी बोलली, पाणी प्याली. माय जळतण आणायला गेली तेव्हा तिने पिशवी काढली. त्याआधी महिनाभर ती आणि रमेशभाऊ यवतमाळला तपासणीला जाऊन आले होते, हे सगळ्या वस्तीला ठाऊक होतं. काय निघालं असं ज्याने विचारलं, त्याला रमेशभाऊने एकच सांगितलं होतं, की तिथली मशीन बिघडली होती, काही कळलं नाही. वहिनीलाही तेच सांगितलं होतं. पण त्याच्या गाडीच्या पेटीत हा कागद तिला सापडला. इंग्रजीत होता. मी वाचला. वहिनीत काहीच दोष नव्हता. दोष रमेशभाऊत होता, आणि मूल होण्याची आशा जवळजवळ नाही, असं खाली लिहिलेलं होतं.

मी तिला सांगितलं. तिने दाराबाहेर एकदा पाहिलं. मग म्हणाली, "मोड तसाच. जुन्या घडीवरच."

"आता काय करशील, वहिनी?"

"काई नाई. पेटीत ठेवून देतो. मले माहीत हाय हे त्याले माहीत नाई. असंच राहू दे."

"पण लोकं तुले बोलतात."

"मले बोलतात त मी ऐकून घेतो. त्याले बोलले त त्याच्यानं नाई व ऐकवणार."

तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. मला ते फार मोठं काही वाटलं नाही. उलट बाईने असं सोसू नये, असं माझं शिकलेलं मत होतं. आज मी ग्रंथालयात बसून या जातीच्या शेकडो कादंबऱ्या हाताळल्या आहेत. रमेशभाऊ लपवतो, आणि तो लपवतो हे माहीत असल्याचं वहिनी लपवते, आणि या दोन झाकणांवर एक संसार नीट चाललेला असतो. इतकं बारीक मी कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नाही.

वेचणीचा पाचवा की सहावा दिवस असेल. पुस्तकात मधे चाळीस-पन्नास पानं अशी होती की बाई नुसती खिडकीत बसून विचार करते. वाचताना मला ती फार आवडली होती. सांगताना मात्र त्यात सांगण्यासारखं काहीच निघेना. दोन-तीन ओळी मी ती खिडकी ताणत नेली. बाया जांभया देऊ लागल्या. कडेच्या बाया कडेलाच राहिल्या. गीतामामी कोणाच्या तरी लग्नातल्या वरणाचा विषय काढून बसली. मी म्हटलं, "मामी, पुढं ऐक ना." ती म्हणाली, "राहू दे व बी.ए. तुह्या पुस्तकात पानी पडलं आता."

एवढंच. यात लागण्यासारखं काय होतं? पण मला लागलं. पाच दिवस पंधरा बाया माझ्या तोंडाकडे बघत चालल्या होत्या आणि सहाव्या दिवशी वरणाने मला हरवलं.

मी म्हटलं, "मंग एक दिवस तिले नवऱ्याच्या पेटीत दवाखान्याचा कागद सापडते."

हात थांबले. पंधरा बायांचे तीस हात एकदम थांबले तर पऱ्हाटीत कशी शांतता होते, ते मी त्या दिवशी ऐकलं. मधमाश्या तेवढ्या चालू होत्या. सुमनवहिनी माझ्यापासून तिसऱ्या ओळीत होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही. न पाहता सांगत राहिले. त्यांना मूल नसतं. नवरा म्हणतो, दवाखान्यातली मशीन बिघडली होती. पण कागदात लिहिलेलं असतं, दोष त्याच्यातच आहे. बायको कागद परत ठेवून देते आणि लोकांकडून वांझ म्हणवून घेत राहते.

त्या बंगल्यातल्या बाईला पुस्तकात एक मुलगी होती. मी ती केव्हाच पुसून टाकली होती.

यातलं मशीनचं वाक्य मला बदलता आलं असतं. इतक्या वर्षांत मी स्वतःला पुष्कळ कारणं देऊन पाहिली. की घाईत झालं, की तोंडातून निसटलं. निसटलं नव्हतं. ते वाक्य जिभेवर आलं तेव्हाच मला कळलं होतं की हे सगळ्या वस्तीने रमेशभाऊच्या तोंडून ऐकलेलं आहे. मी ते ठेवलं, कारण ते चांगलं वाक्य होतं. ऐकणाऱ्याला धरून ठेवणारं होतं.

गीतामामीने मान वर केली. आधी माझ्याकडे पाहिलं, मग वहिनीकडे नाही, आभाळाकडे. आणि खालच्या आवाजात म्हणाली, "आज इतकंच पुरे."

वहिनी वेचतच होती. तिची ओळ सगळ्यांच्या पुढे गेली. शेताच्या कडेच्या धुऱ्यापर्यंत पोचली, ओटी कापसाच्या गंजीवर रिकामी केली, पदर झटकला आणि दुसरी ओळ धरली. एकदाही मागे पाहिलं नाही. त्या दिवशीचा तिचा कापूस रोजच्यासारखाच स्वच्छ होता.

संध्याकाळी घरी जाताना गीतामामीने मला वाटेत थांबवलं. "खरं सांग. पुस्तकातलंच होतं ना ते?"

मी पिशवीतून पुस्तक काढलं. मधलं कुठलंतरी पान उघडलं. त्यात ती बाई बाजारातून फुलदाणी आणते, असलं काहीतरी होतं. मी त्यावर बोट ठेवलं. "हे पाह्य, मामी. इथं लिहून हाय."

मामीने पुस्तक हातात घेतलं. तिला अक्षर येत नव्हतं. तरी तिने ते पान वरपासून खालपर्यंत पाहिलं, अगदी सावकाश, वाचणाऱ्यासारखं. मग पुस्तक माझ्या हातात देत म्हणाली, "असन, बापा. आमाले काय दिसते."

मी या आयुष्यात जे जे वाईट केलं असेल त्यात हे पान पहिलं. वहिनीचं सांगितलं तो एका क्षणाचा हपापा होता, असं कदाचित म्हणता येईल. पण न वाचता येणाऱ्या बाईपुढे खोट्या ओळीवर बोट ठेवणं, हे माझं शिक्षण होतं. त्या दुकानदाराने कोणाचा कागद चारचौघांत वाचला असेल, पण कागदात नसलेलं कधी वाचलं नव्हतं.

घरी माय भाकरी थापत होती. तिने मला वाढलं. अर्धी भाकर होईपर्यंत ती थापतच राहिली. मग तव्याकडे बघतच म्हणाली, "तिचा कागद होता ना तो?"

"नाही, पुस्तकातला होता."

"मी अडानी हाव. बहिरी नाई."

मी उरलेली भाकर तशीच ठेवून उठले. मायने थांबवलं नाही.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं नाही. आर्णीच्या स्टँडवर कोणीतरी रमेशभाऊला हसत विचारलं म्हणे, काय भाऊ, मशीन दुरुस्त झाली का. आणखी कोणी काय म्हटलं ते मला ठाऊक नाही. त्याने घरी आरडाओरडा केला नाही, हात उचलला नाही. दहा-बारा दिवस गाडी चालवली. मग ती दुसऱ्या कोणाला चालवायला दिली आणि ट्रकवर ड्रायव्हर म्हणून लागला, लांबच्या रस्त्याला. आधी महिन्याने यायचा, मग सणाला, मग सणालाही नाही. वहिनी सासूजवळ राहून शेवटच्या वेचणीपर्यंत शेतात येत होती. टोळीत तिच्याशी सगळ्या पहिल्यापेक्षा गोड बोलायच्या, तेच बघवत नाही, असं माय म्हणायची. मी जाणं बंद केलं होतं. नोकरीच्या परीक्षेचा अभ्यास आहे, असं सांगितलं होतं. त्या उन्हाळ्यात ती पुसदला भावाकडे गेली, ती गेलीच.

कादंबरी मी पुरी सांगितली नाही आणि कोणी विचारलंही नाही.

त्याच उन्हाळ्यात मायच्या पोटात दुखत होतं. बाबा तिला यवतमाळला घेऊन गेले, सोनोग्राफी केली. आठवडाभराने मला तिच्या पिशवीत रिपोर्टचं पाकीट दिसलं. मी म्हटलं, "माय, मले दाखवला नाहीस?" ती म्हणाली, "आर्णीच्या मेडिकलवाल्याकडून वाचून घेतला. काई नाई म्हणे, खडा हाय बारीक." इतक्या सहज म्हणाली की तिला मला दुखवायचं होतं, असं मला आजही म्हणता येत नाही. तिला फक्त भीती वाटली असावी. माझी माय, आणि तिच्या पोटातल्या खड्याचा कागद तिने माझ्यापासून सांभाळला. बाबांनी ओट्याचं ते वाक्य पुन्हा कधी उच्चारलं नाही. वस्तीतले कागदही हळूहळू दुसरीकडे वळले. आता तर पोरं मोबाइलवर फोटो काढून भाषांतर करून घेतात. बरं झालं. मोबाइल वेचणीला जात नाही.

तरी मी या कादंबऱ्या वाचायच्या सोडल्या का? नाही. लाज वाटते, पण खरं ते सांगते. त्या मुलीला परवा एक दिली आणि त्याच कपाटातली दुसरी मी घरी घेऊन गेले. का वाचतो आपण हे? मी पुष्कळ विचार केला. दुसऱ्याच्या घरात दार न वाजवता शिरता येतं, हे एक आहेच. तिथली माणसं आपल्याला पाहत नाहीत. आपण त्यांच्या उशाखाली हात घालतो, खिसे तपासतो, पलंगाखाली वाकून बघतो आणि कोणी म्हणत नाही की बाई, तुम्ही कोण. पुस्तक मिटलं की ती माणसं हापशीवर भेटत नाहीत, त्यांच्या नजरेला नजर द्यावी लागत नाही. भूक खरी असते, आणि ती कागदावरच भागते म्हणून कोणाचं काही जात नाही. माझ्या हातून एवढंच झालं, की भूक पुस्तकातली आणि घास दुसऱ्याच्या ताटातला. आणखी एक गोष्ट आहे. या पुस्तकांत शेवटी सगळं उघडं पडतं आणि उघडं पडलं की वाचणाऱ्याला मोकळं वाटतं. उघडं पडल्यावर त्या घरात संध्याकाळी स्वयंपाक कोण करतं, ते कोणी लिहीत नाही.

या वर्षी मला ग्रंथालयाच्या कामाने पुसदला जावं लागलं. काम दुपारीच संपलं. वहिनीचा पत्ता मायने दिला होता. मी मागितला नव्हता, निघताना तिनेच सांगितला. गावाबाहेरच्या नव्या वस्तीत एक खोली, पुढे पत्र्याची पडवी, पडवीत शिलाई मशीन. वहिनीने मला ओळखायला वेळ लावला नाही. केस पांढरे झालेत कानाजवळ. खुर्ची पुढे केली.

"कशा आहात तुम्ही?" मी विचारलं.

"आता तुमी कायले म्हणते? बस."

मी बसले. तिने हातातला ब्लाउज पुरा केला, धागा दाताने तोडला. मी वाटेत पाठ करून आणलेलं सगळं विसरले आणि नुसतं म्हणाले, "वहिनी, माझं चुकलं."

"हो," ती म्हणाली. "चुकलंच."

जाऊ दे म्हणाली नाही. चुकते माणूस, असलंही काही नाही. मला ते बरं वाटलं, असं म्हणवत नाही, पण ते योग्य होतं.

मग तीच बोलली. "त्यानं मारलं असतं त बरं झालं असतं. दोन दिवस रडली असती, मंग झालं. तो लाजला, व. मले एकच विचारलं, कवापासून माहीत होतं. मी म्हटलं, तीन वर्षं. मंग तो ते तीन वर्षं आठवत बसला. मी कोन्या दिवशी काय बोलली, कवा हासली, कवा त्याले जास्तीची भाजी वाढली. त्याले वाटलं, मी तीन वर्षं त्याच्यावर दयाच करून राह्यलती."

"दया नव्हती मग काय होतं?"

माझ्या तोंडून निघूनच गेलं. वहिनीने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. कापसातला पाचोळा निवडताना पाहायची तसं.

"हे बी सांगू का तुले?"

मी मान खाली घातली. एवढं सगळं झाल्यावरही मला पुढचं पान हवंच होतं. रस्त्यावरून कापसाचा ट्रॅक्टर गेला.

तेवढ्यात मशीनवर ठेवलेला तिचा फोन वाजला. तिने नाव पाहिलं, मग मला पाहिलं, आणि फोन घेऊन खोलीत गेली. दार ओढून घेतलं, पण ते पत्र्याचं दार, नीट लागत नव्हतं. आतून आवाज येऊ लागला. हळू, सावकाश, घरच्या माणसाशी बोलावं तसा. एकदा ती हसली असं वाटलं. माझे कान त्या फटीकडे वळले होते आणि मला ते कळत होतं. एक शब्द लागला, दुसरा लागणार होता.

मी उठले. पडवीतून बाहेर आले, फाटक ओलांडलं आणि रस्त्यापलीकडे विजेच्या खांबाजवळ जाऊन उभी राहिले. तिथे काही ऐकू येत नव्हतं. ऊन डोक्यावर होतं. येणारे-जाणारे बघत होते, ही बाई कोणाची वाट पाहते म्हणून.

बऱ्याच वेळाने वहिनी बाहेर आली. रिकामी खुर्ची पाहिली, दाराकडे पाहिलं, मग रस्त्यापलीकडे मला.

"तिथं कायले उभी हाय, उन्हात?"

"काही नाही. असंच."

तिने खुर्ची आत ओढली. मग म्हणाली, "ये. चहा मांडतो."

चहा पिताना आम्ही शिलाईबद्दल बोललो, मायच्या गुडघ्याबद्दल बोललो. साडेचारची एसटी होती, ती पकडून मी निघाले. फोन कोणाचा होता, मला माहीत नाही.